उंदरावर सिद्ध झालेले औषध : सोरायसिस आणि त्यासोबतचा संधिवात यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात सोरायसिसच्या, म्हणजे कातडीवर खवल्यांचे लाल चट्टे आणणाऱ्या दीर्घ आजाराच्या, उपचारांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली होती : प्रयोगशाळेतील प्राण्यांवर जे दिसते त्यावर रुग्णाने किती विसंबावे? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना चौदा वर्षांपासून सोरायसिस आहे. एका नातेवाइकांनी मोबाइलवर एका तेलाची जाहिरात पाठवली. ‘उंदरांवरील प्रयोगात सात दिवसांत सोरायसिस बरा’ असे त्यात लिहिले असून उंदरांच्या पाठीची आधीची आणि नंतरची छायाचित्रे दिली आहेत. सध्याच्या गोळ्या बंद करून हे तेल सुरू करावे असे वडील म्हणतात. उंदराला खरोखर सोरायसिस होतो का? आणखी एक : दोन महिन्यांपासून वडिलांच्या उजव्या पायाचे एक बोट सुजून जाड झाले आहे. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण तो सर्वांत निकडीचा आहे. सोरायसिस असलेल्या माणसाचे एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणे हे सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवाताचे ठळक लक्षण असू शकते. सोरायसिसच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना हा संधिवात होतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो त्वचेवर चट्टे आल्यानंतर काही वर्षांनी, पुष्कळदा दहाएक वर्षांनी सुरू होतो. निदानाला सहा महिन्यांहून अधिक उशीर झाला तर सांध्यांची कायमची हानी होण्याची शक्यता वाढते, हे रुग्णांच्या अभ्यासातून दिसलेले आहे. म्हणून वडिलांना याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांना दाखवा आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

आता उंदराविषयी. प्रयोगशाळेतील साध्या उंदराला आपणहून सोरायसिस होत नाही. त्याची कातडी आपल्यापेक्षा फार वेगळी असते. दाट केसांखाली तिचा वरचा थर अवघ्या दोन-तीन पेशींइतका जाड असतो, तर माणसात तो त्याच्या कितीतरी पट जाड भरतो. उंदराच्या त्या थरातील पेशी आठ-दहा दिवसांत बदलतात, तर निरोगी माणसात याच कामाला साधारण महिना लागतो. कातडीत पहारा देणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचे प्रकारही दोघांत सारखे नाहीत. त्यामुळे संशोधकांना उंदराच्या कातडीवर सोरायसिससारखे काहीतरी मुद्दाम घडवून आणावे लागते, आणि असे घडवलेल्या आजाराला ते प्रारूप म्हणतात.

जाहिरातीतील छायाचित्रे बहुधा इमिक्विमोडच्या प्रारूपाची असावीत. इमिक्विमोड हे पाच टक्के मात्रेचे मलम आहे. जननेंद्रियावरील चामखिळी आणि त्वचेच्या कर्करोगाचे काही प्रकार यांवर ते माणसांना दिले जाते, आणि त्या जागी रोगप्रतिकारशक्ती चेतवणे हेच त्याचे काम असते. हे मलम लावणाऱ्या काही रुग्णांमध्ये सोरायसिस उफाळून आल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले होते. तो धागा पकडून नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले आणि २००९ साली ते प्रसिद्ध केले. उंदराच्या पाठीवरचे केस काढायचे आणि रोज ६२.५ मिलिग्रॅम मलम त्या जागी लावायचे, इतकी ती कृती साधी आहे. दोन-तीन दिवसांत कातडी लाल होते, मग तिच्यावर पांढरे खवले सुटू लागतात आणि ती जाड होते. लाली, खवले आणि जाडी या तिन्हींना रोज शून्य ते चार असे गुण देऊन आजाराची तीव्रता मोजली जाते. ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-२३ हे रोगप्रतिकारक पेशींना संदेश देणारे प्रथिन किंवा इंटरल्यूकिन-१७ या तशाच प्रथिनाचा संदेश पेशीत पोहोचवणारा ग्राहक (रिसेप्टर) नव्हता, त्यांच्यात हा प्रकार जवळजवळ घडलाच नाही. माणसाच्या सोरायसिसमध्येही याच दोन प्रथिनांची साखळी कळीची असल्याने हे प्रारूप जगभर पसरले. शिवाय ते स्वस्त आहे आणि आठवड्याभरात निकाल देते.

तोच त्याचा मोठा दोषही आहे. वडिलांचा आजार चौदा वर्षांचा आहे, उंदराचा पाच-सहा दिवसांचा. मलम लावणे थांबवले की उंदराची कातडी कोणत्याही औषधाशिवाय पूर्ववत होऊ लागते. त्यामुळे ‘सात दिवसांत बरा’ या वाक्याला मुळातच फारसा अर्थ उरत नाही. त्या उंदरांशेजारी काहीही न लावलेले आणि औषधाविना नुसते मूळ तेल लावलेले असे उंदरांचे दोन गट होते का, हे आधी पाहावे लागते. इमिक्विमोड लावण्यापूर्वीच पाठीवर तेलाचा थर दिला असेल तर मलमच आत कमी मुरले असण्याची शक्यता असते, आणि तसे असेल तर तेलाने आजार बरा केला असे म्हणता येत नाही. गुण देणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत होते का, हेही विचारावे लागते, कारण लाली आणि जाडी डोळ्यांनी ठरवायची असते आणि अपेक्षा डोळ्यांना फसवते. या प्रारूपाबद्दल २०१३ साली आणखी एक गोष्ट पुढे आली : बाजारातील मलमात औषध विरघळवण्यासाठी असलेले आयसोस्टिअरिक आम्ल स्वतःच काही प्रमाणात दाह निर्माण करते. म्हणजे उंदराच्या पाठीवर दिसते ते सगळे इमिक्विमोडचेही नसते.

त्या तेलात दोष आहे असे मी म्हणत नाही. जाहिरातीत दाखवलेल्या प्रयोगावरून ते वडिलांना उपयोगी पडेल की नाही, हे कळत नाही, एवढेच सांगता येते. खाजेसाठी आणि कोरडेपणासाठी कोणतेही साधे तेल किंवा व्हॅसलीन लावायला हरकत नसते. गोळ्यांच्या जागी मात्र ते लावू नये.

प्रश्न : मी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रकल्पात एका वनस्पतीच्या पानांचा अर्क उंदराच्या शेपटीला लावून सोरायसिसविरोधी गुण तपासायचा आहे. शेपटीवर सोरायसिस कसा तपासता येतो, आणि निष्कर्ष लिहिताना काय काळजी घ्यावी?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : शेपटीची चाचणी जुनी आणि कमी खर्चाची आहे, म्हणून आपल्याकडील औषधनिर्माण महाविद्यालयांत ती अजूनही बरीच केली जाते. उंदराच्या शेपटीवर खवल्यांच्या रांगा असतात. खवल्याच्या भागातील कातडीत कणीदार थर, म्हणजे पक्व होत आलेल्या पेशींचा थर, नसतो आणि वरच्या मृत पेशींमध्ये केंद्रके तशीच उरतात. सोरायसिसच्या चट्ट्यातही हेच दोन बदल सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यामुळे एखादे द्रव्य काही आठवडे लावल्यावर खवल्यात कणीदार थर तयार झाला, तर ते पेशींची पक्व होण्याची प्रक्रिया सुधारते असा निष्कर्ष काढतात. प्रत्येक खवल्याच्या एकूण लांबीपैकी किती लांबीवर तो थर आला हे मोजून टक्केवारी काढली जाते, आणि तुलनेसाठी ट्रेटिनॉइन किंवा डायथ्रॅनॉलसारखे माहीत असलेले औषध दुसऱ्या गटाला लावले जाते.

खवल्यातील ही स्थिती उंदराच्या शेपटीला नैसर्गिक असते, तो काही आजार नव्हे. तिथे दाह नसतो, टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींची गर्दी नसते, वाढलेल्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून या चाचणीतून पेशींच्या पक्वतेविषयीच बोलता येते, रोगप्रतिकारशक्तीविषयी काहीच बोलता येत नाही. दक्षिणेत सिद्ध वैद्यकात काळ्या कुड्याच्या पानांचे तेल सोरायसिसवर वापरतात, आणि त्या पानांवरही शेपटीची चाचणी झालेली आहे. अशा कामाचे मोल कमी नाही; परंपरेने सांगितलेल्या अनेक वनस्पतींतून पुढे कोणती तपासावी हे ठरवायला ते उपयोगी पडते. आपल्या प्रबंधाच्या शीर्षकात मात्र ‘सोरायसिसवरील परिणामकारकता’ असे लिहू नका. ‘शेपटीच्या चाचणीत कणीदार थरावर झालेला परिणाम’ असे लिहिलेत तर ते शंभर टक्के खरे असेल आणि परीक्षकांनाही त्यावर बोट ठेवता येणार नाही. प्रत्येक गटात किती उंदीर घ्यायचे हे मार्गदर्शकांबरोबर बसून आधी ठरवा आणि काचपट्ट्यांवर गटाचे नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक टाका, म्हणजे मोजणारा निष्पक्ष राहील.

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या पाठीवर खवले पडून केस गळत आहेत. मला सोरायसिस आहे. त्याला तो माझ्यापासून लागला असेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. सोरायसिस संसर्गजन्य नाही; तो माणसाकडून माणसाला लागत नाही आणि कुत्र्यालाही लागत नाही. कुत्र्याच्या अंगावरचे खवले बहुधा खरजेचे किडे, बुरशी किंवा संप्रेरकांचा बिघाड यांमुळे असतात, तेव्हा पशुवैद्यांना दाखवावे. बुरशी असेल तर नायटा त्याच्यापासून तुम्हाला होऊ शकतो, त्यामुळे उशीर करू नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. कातडीचा आजार आणि सांध्यांचा आजार एकच कसा, हे मला पटत नव्हते; पण मला स्वतःला दोन्ही आहेत. दोन्ही एकत्र दिसतील असा एखादा प्राणी संशोधकांना सापडला आहे का? आणि टाच सर्वांत जास्त का दुखते, हे कुठल्या प्रयोगातून कळले आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण विचारलेल्या दोन्ही प्रश्नांवर गेल्या तीसेक वर्षांत फार महत्त्वाचे काम झाले आहे, आणि मला स्वतःला या विषयातील हाच भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्वचा आणि सांधे एकाच वेळी बिघडलेले प्राणी आहेत, पण प्रत्येकात त्यांचा संबंध वेगळ्या दाराने आत येतो. अमेरिकेतील डॅलस येथे १९९० साली उंदरापेक्षा मोठ्या, म्हणजे घुशीच्या कुळातल्या पांढऱ्या रॅटमध्ये एचएलए-बी२७ हे माणसाचे जनुक घालण्यात आले. मणक्याच्या संधिवाताशी या जनुकाचा निकटचा संबंध माणसांत आधीच माहीत होता. या रॅटना आतड्यांचा दाह झाला, सांधे सुजले आणि त्वचेवर व नखांवर सोरायसिससारखे बदल दिसले. पुढे १९९४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने हे रॅट पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले. तेव्हा आतडे आणि सांधे निरोगी राहिले, पण त्वचेवरचे बदल मात्र टळले नाहीत. सांध्यांच्या दाहाला आतड्यातील जीवाणूंची साथ लागते, त्वचेला तेवढी लागत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. आतड्याचे जीवाणू आणि संधिवात यांच्यावर आज जे एवढे संशोधन चालू आहे, त्यामागे या रॅटचा मोठा हात आहे.

दुसरा प्रयोग व्हिएन्नाचा, २००५ सालचा. तिथे प्रौढ उंदरांच्या केवळ त्वचेतून जुन-बी आणि सी-जुन ही दोन प्रथिने काढून टाकण्यात आली. सांध्यांना कुणी हातही लावला नव्हता. तरी दोन आठवड्यांत त्वचेवर सोरायसिससारखा आजार उमटला आणि सांध्यांतही दाह झाला. मग संशोधकांनी तोच बदल टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांत केला, तेव्हा त्वचा बिघडली पण सांधे वाचले. त्वचेतून सुरू झालेली गडबड सांध्यापर्यंत जाऊ शकते, पण ती पोहोचवायला रोगप्रतिकारक पेशी लागतात, हे यातून दिसले. आपल्याला दोन आजार वेगळे वाटत होते, ती शंका म्हणूनच पूर्णपणे अनाठायी नव्हती : उगम एक असू शकतो, पण त्वचेत आणि सांध्यात पुढचे वळण वेगळे असते. त्वचा स्वच्छ झाली तरी सांधे दुखतच राहतात, असे अनेक रुग्ण सांगतात, तेही याच्याशी जुळते.

आता टाचेविषयी. आमवातात (रुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये) सांध्याच्या आतले अस्तर आधी सुजते. सोरायसिससोबतच्या संधिवातात दाहाचे एक महत्त्वाचे ठाणे सांध्याबाहेर असते : स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, हाडाला जिथे चिकटते ती जागा. टाचेच्या मागे पोटरीची जाड कंडरा हाडात रुतलेली असते आणि चालताना, जिना चढताना सगळा ताण तिथे येतो. हा ताणच दाहाला कारण होतो का, हे बेल्जियममधील घेंटच्या संशोधकांनी २०१४ साली तपासले. त्यांनी टीएनएफ हे दाहाचे प्रथिन शरीरात जास्त प्रमाणात तयार होणारे उंदीर घेतले. अशा उंदरांत टाचेच्या कंडरेचा दाह हमखास होतो. त्यांतील काही उंदरांना शेपटीने हलकेच असे टांगून ठेवले की पुढच्या पायांवर ते फिरू शकत, खाऊ-पिऊ शकत, पण मागचे पाय जमिनीला टेकत नसत. दोन आठवड्यांनी पाहिले तेव्हा जमिनीवर चालणाऱ्या उंदरांच्या टाचा सुजलेल्या होत्या, तर टांगलेल्यांच्या टाचेत दाह फारच कमी होता. जनुक तेच, प्रथिन तेवढेच, फरक फक्त पायावर पडणाऱ्या भाराचा. टाचच का दुखते, या आपल्या प्रश्नाला इतके थेट उत्तर देणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. यावरून चालणे सोडावे असा अर्थ मात्र काढू नका. हालचाल बंद केली तर माणसाचे सांधे आखडतात आणि स्नायू झिजतात. मऊ तळव्याची पादत्राणे आणि भार वाटून देणारा व्यायाम यांबद्दल फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेणे चांगले.

ताणाच्या जागी दाह करणाऱ्या पेशी कुठून येतात, याचा शोध अमेरिकेतील एका संशोधनाने २०१२ साली लावला. उंदराच्या यकृताला इंटरल्यूकिन-२३ भरपूर तयार करायला लावले, तेव्हा पंजांच्या कंडरांच्या टोकांशी थोड्याच दिवसांत दाह झाला. त्या जागी मुळातच वस्तीला असलेल्या टी पेशींचा एक दुर्मीळ प्रकार या प्रथिनाला प्रतिसाद देत होता. म्हणजे संदेश रक्तातून सगळीकडे फिरत होता, पण तो ऐकणाऱ्या पेशी त्या विशिष्ट ठिकाणीच होत्या.

या प्रयोगानंतर एक मोठी आशा निर्माण झाली. इंटरल्यूकिन-२३ ला अडवणारी औषधे सोरायसिसवर उत्तम चालत होती. ती मणक्याच्या संधिवातावरही चालतील असे वाटणे स्वाभाविक होते. पण २०१८ आणि २०१९ मध्ये अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा रिसँकिझुमॅब आणि उस्टेकिनुमॅब या दोन्ही औषधांचा मणक्याला काहीच फायदा झालेला नव्हता. इंटरल्यूकिन-१७ अडवणारी औषधे मात्र त्याच आजारात चालतात. उलट सोरायसिससोबतच्या संधिवातात हातापायांच्या सांध्यांवर इंटरल्यूकिन-२३ विरोधी औषधेही चालतात. मग उंदराने चुकीची वाट दाखवली का? मला तसे वाटत नाही. एचएलए-बी२७ रॅटवरील एका अभ्यासाने २०१८ मध्येच दाखवले होते की इंटरल्यूकिन-२३ चा ग्राहक आजार सुरू होण्यापूर्वी रोखला तर आजार टळतो, पण सुरू झाल्यावर रोखला तर सुधारणा होत नाही. दवाखान्यात येणारा रुग्ण तर आजार सुरू झाल्यावरच येतो. रॅटमध्ये विचारलेला प्रश्न आणि रुग्णात विचारलेला प्रश्न वेगळे होते, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले गेले. प्राण्यांवरील कोणताही निष्कर्ष वाचताना मी हाच भाग आधी शोधतो : औषध आजाराआधी दिले की नंतर?

प्रश्न : माझी मुलगी सोरायसिसने त्रस्त आहे आणि तिला इंजेक्शनांनी खूप आराम पडला. तरीही त्यासाठी किती मुके जीव गेले असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. प्राण्यांशिवाय हे संशोधन होऊच शकत नाही का? आणि प्राण्यांत सुरक्षित ठरलेले औषध माणसात सुरक्षित असतेच असे नाही, तर मग हा खटाटोप कशासाठी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मनातील ही घालमेल मला योग्य वाटते, आणि ज्या दिवशी ती संशोधकांच्या मनातून जाईल त्या दिवशी प्रयोगशाळांची दारे बंद करावीत असे मी मानतो. आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींची उत्तरे परस्परविरोधी वाटतील.

मुलीला जी इंजेक्शने मिळाली त्यांची वाट उंदरांनी खरोखरच दाखवली. पूर्वी असा समज होता की सोरायसिसमागे इंटरल्यूकिन-१२ हे प्रथिन आहे. २००० साली इंटरल्यूकिन-२३ सापडले आणि या दोन्ही प्रथिनांचा एक भाग सामाईक असल्याचे लक्षात आले. त्यामुळे आतापर्यंत जे दोष १२ ला दिले, त्यांतले कोणते २३ चे, हा गुंता तयार झाला. २००३ मध्ये त्याचा उलगडा उंदरांनी केला : ज्यांच्यात फक्त २३ नव्हते त्यांना प्रायोगिक संधिवात झाला नाही, आणि ज्यांच्यात फक्त १२ नव्हते त्यांचा संधिवात अधिकच वाढला. जिवंत शरीरात एकेक प्रथिन काढून पाहिल्याशिवाय हे कळण्याचा दुसरा मार्ग त्या वेळी नव्हता. अमेरिकेत २००९ मध्ये उस्टेकिनुमॅबला आणि २०१५ मध्ये इंटरल्यूकिन-१७ विरोधी सेक्युकिनुमॅबला सोरायसिससाठी मान्यता मिळाली, ती या साखळीच्या ज्ञानावर उभी आहे.

सुरक्षिततेबाबत मात्र आपली शंका खरी आहे. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. आमवात आणि एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी ते तयार होत होते. माकडांना जी मात्रा निर्धोक ठरली होती तिच्या पाचशेव्या भागाइतकी मात्रा देऊनही सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. ज्या पेशींवर औषध काम करणार होते, त्यांच्या पृष्ठभागाच्या बाबतीत माकड आणि माणूस यांत असलेला फरक तिथे भोवला. सोरायसिसमधलेच उदाहरण हवे असेल तर एफालिझुमॅबचे घ्या. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना मेंदूचा दुर्मीळ आणि जीवघेणा संसर्ग झाला, म्हणून २००९ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. तो संसर्ग करणारा जेसी विषाणू निसर्गतः माणसातच राहतो. उंदरांवर कितीही वर्षे प्रयोग केले असते तरी हा धोका त्यांच्यात दिसलाच नसता.

पर्याय आहेत, आणि ते वाढत आहेत. रुग्णाच्या त्वचेचा लहान तुकडा तपासून आज त्यातील एकेका पेशीची जनुके कोणते संदेश देत आहेत हे वाचता येते. मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत थरांवर थर रचून वाढवता येतात, आणि त्यांच्यावर इंटरल्यूकिन-१७ किंवा २२ टाकले की सोरायसिसमधील बरेच बदल दिसतात. अशा त्वचेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात आणि तिला सांधा जोडता येत नाही. म्हणून संधिवाताच्या अभ्यासात प्राण्यांची गरज अजून पूर्णपणे संपलेली नाही. या दोहोंच्या मधली एक वाटही आहे : माणसाची त्वचा उंदरावर रोपण करणे. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या संशोधकांनी २००४ मध्ये सोरायसिसच्या रुग्णांच्या अंगावरील दिसायला अगदी निरोगी अशी त्वचा रोगप्रतिकारशक्ती दुबळ्या असलेल्या उंदरांवर रोपली. बाहेरून काहीही न देता काही आठवड्यांत तिच्यावर सोरायसिस उमटला, कारण आजार घडवणाऱ्या टी पेशी त्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतच दबा धरून होत्या. टीएनएफ अडवल्यावर तो उमटला नाही. मला हे प्रारूप सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात बिघडलेली त्वचा माणसाचीच असते; पण ते अवघड आणि खर्चिक असल्याने फारच थोड्या ठिकाणी होते.

आपल्या देशात असे प्रयोग कुणालाही मनास येईल तसे करता येत नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची एक देखरेख समिती आहे, आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत प्राण्यांविषयीची नैतिकता समिती असावी लागते. तिच्यावर बाहेरचे सदस्यही असतात. हेच काम प्राण्यांशिवाय होईल का, कमी प्राण्यांत होईल का आणि त्यांच्या वेदना कमी करता येतील का, हे तीन प्रश्न तिने विचारायचे असतात. इमिक्विमोडच्या प्रयोगात उंदीर पाठ चाटतात, मलम पोटात जाते आणि त्यांचे वजन घटते. त्यामुळे वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेले की त्या उंदराला प्रयोगातून बाहेर काढावे लागते. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे, आणि २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांशिवायच्या पद्धतींचा पुरावा ग्राह्य धरण्यास वाट मोकळी झाली. माझ्या मते आता सर्वांत आधी थांबायला हवेत ते इमिक्विमोडचे तेच ते प्रयोग, ज्यांत मूळ तेलाचा किंवा मलमाचा वेगळा गट नसतो, गुण देणाऱ्याला सगळे गट माहीत असतात आणि ज्यांतून कुणाच्याही हाती काही लागत नाही. त्या उंदरांचा जीव अक्षरशः वाया जातो.

आपण शेवटी विचारले नाही, पण मुलीच्या बाजूने एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतील त्वचारोग विभाग संशोधनासाठी रुग्णांच्या त्वचेचे नमुने घेतात. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एक-दोन टाके घालतात आणि जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. त्याआधी लेखी संमती द्यावी लागते, ती नाकारली तर उपचारात काही फरक पडत नाही आणि दिलेली संमती पुढे केव्हाही मागे घेता येते. मुलगी सज्ञान असेल आणि तिची इच्छा असेल, तर पुढच्या भेटीत तिनेच डॉक्टरांना असा अभ्यास चालू आहे का ते विचारावे. आणि अभ्यासात एखाद्या औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आहे का, हेही विचारून घ्यावे.